कांद्याच्या मुळात तारककाय दिसतच नाही, मग हे धागे निघतात कुठून?

कांदाभजीप्रेमी

विषयच धाग्यांचा आहे त्यामुळे 'अजून एक धागा?' असं कुणी विचारू नका प्लीज.

लेक अकरावी सायन्सला आहे. परवा कॉलेजात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड केली त्यांनी, आणि घरी येऊन चपला काढायच्या आधीच सुरू, बाबा मला गुणसूत्रं दिसली, मधोमध रांगेत उभी असलेली पण दिसली, दोन बाजूंना ओढली जाणारी पण दिसली, पण टोकांना ती चांदणी असते ना पुस्तकात, ती एकाही पेशीत नव्हती. जर्नलमध्ये मात्र तिने चांदण्या काढल्या होत्या (मी पण काढल्या असत्या, पुस्तकात आहेत म्हणजे आहेत) आणि मॅडमनी लाल पेनने दोन्ही खोडल्या. का खोडल्या ते विचारायचं राहिलं, पुढची बॅच दारात उभी होती.

आता मी पडलो मेकॅनिकलवाला. शाळेतलं एवढंच आठवतंय की पेशी विभागताना तारककायाचे (म्हणजे ती चांदणी) दोन होतात, ते दोन टोकांना जातात, त्यातून तुर्कतंतू निघतात आणि गुणसूत्रं ओढून नेतात. रात्री नेटवर बघायला बसलो तर गॅमा ट्युब्युलिन, रिंग कॉम्प्लेक्स, पोलो कायनेज, डोक्याची पार मंडई झाली. साधं उत्तर हवंय. तो धागा नक्की बनतो कसा, तारककाय तो कोळ्यासारखा पोटातून काढतो का, आणि कांद्याला तो नसेलच तर कांदा काय करतो?

सोलापुरीचादर

उत्तर माहीत नाही, पण तुर्कांना यात ओढू नका ओ. शब्द मूळचा तर्कु, संस्कृतात तर्कु म्हणजे चाती. आमच्या आजोबांचा हातमाग होता. चातीवर सूत गुंडाळत गेलं की मधे फुगीर आन् दोन्ही टोकांना निमुळतं होतंय बघा, पेशीतल्या त्या धाग्यांचा जुडगा तसाच दिसतोय म्हणून ते नाव. तर्कुचं तुर्क कधी झालं देव जाणे.

चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

भिंगवाली

मॅडमनी खोडलं ते बरोबर खोडलं, फक्त एक ओळ लिहायला हवी होती शेजारी. कांद्याला तारककाय नसतोच. कांदा, गहू, आंबा, फुलं येणारी कुठलीच वनस्पती घ्या, सेंट्रोसोम (तारककायाचं इंग्रजी नाव) नाही. चांदणीची आकृती प्राण्यांच्या पेशीची असते आणि स्लाईड कायम कांद्याची असते, त्यामुळे दर वर्षी हा घोटाळा होतो.

या विषयावर माझी नऊ वर्षं गेली आहेत (आता वेगळं काम करते), त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी कोळी डोक्यातून काढा. तारककाय पोटातून काहीही काढत नाही. धागा म्हणजे खरं तर नळी आहे, मायक्रोट्युब्यूल, बाहेरून जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या एका केसाच्या रुंदीत अंदाजे तीन हजार नळ्या शेजारी शेजारी बसतील. ती बनते ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनपासून. अल्फा आणि बीटा अशी दोघांची घट्ट जोडी असते, एक जोडी ८ नॅनोमीटर लांब, आणि या जोड्या पेशीच्या पाण्यात सगळीकडे तरंगत असतात. त्या एकापुढे एक लागल्या की एक ओळ होते, आणि अशा १३ ओळी कडेने एकमेकींना चिकटून गोल मिटल्या की नळी. म्हणजे कच्चा माल पेशीभर पसरलेला आहे, तारककायाच्या गोडाऊनमध्ये नाही.

मग तारककाय करतो काय? सुरुवात करून देतो. बास, एवढंच, पण हे एवढंच फार अवघड काम आहे. तयार नळीच्या टोकावर नवीन जोडी सहज बसते कारण तिला खालून आणि बाजूनेही धरायला शेजारी असतात. पण नळीच नसेल तर पहिल्या दोनचार जोड्यांना धरून ठेवायला कुणी नाही, त्या जुळतात आणि सुटतात, जुळतात आणि सुटतात. परीक्षानळीत भरपूर ट्युब्युलिन घेतलं आणि गरम केलं तर नळ्या आपोआप होतात, पण सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सुरू होतं. त्यात पुन्हा आपोआप झालेल्या नळ्यांमध्ये ओळींची संख्या कमीजास्त निघते, १४ वाल्या भरपूर. पेशीत मात्र जवळपास कायम १३. म्हणजे पेशीत कुणीतरी माप देतंय.

सोलापुरीचादर

हे लै भारी. टकळीवर पण असंच असतंय की ताई. नुसता पेळू टकळीला लावला तर सूत निघत नाही, आधी कातलेल्या सुताचा एक तुकडा बांधावा लागतोय, मग त्याला पेळू जोडून पीळ द्यायचा. एकदा लागलं की हात चालतोय नुसता.

साखरपुडीकर

किंवा खडीसाखर! पाकात दोरा सोडतात, त्या दोऱ्यावरच खडे धरतात. कडक झालेल्या खडीसाखरेत मधे दोरा सापडतो तो तोच. पाक सगळीकडे सारखाच असतो पण खडा कुठे धरायचा ते दोरा ठरवतो.

भिंगवाली

साखरपुडीकर, तुमची उपमा मी चोरणार. 'कुठे धरायचा ते दोरा ठरवतो' हेच तर आहे. पेशी ट्युब्युलिनचं प्रमाण असं ठेवते की नळ्या वाढू शकतात पण वाटेल तिथे आपोआप सुरू होणं अवघड. मग जिथे सुरुवात करून देणारी यंत्रणा ठेवली तिथूनच नळ्या उगवणार. विभाजनाच्या वेळी ती मुख्यतः दोन ठिकाणी ठेवली की झाली दोन टोकं तयार.

ती यंत्रणा म्हणजे तुमची गॅमा ट्युब्युलिनची रिंग. तिचा शोध लागला तो बुरशीत. कांद्याची वरची साल काढली की काळी पूड दिसते ना कधीकधी, ती अ‍ॅस्परजिलस नायजर. तिची भावकी अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स, तिच्यात ओकली दांपत्याला १९८९ मध्ये हे तिसरं ट्युब्युलिन सापडलं, अल्फा बीटा होतेच म्हणून हे गॅमा. ते नळीच्या भिंतीत नसतं, नळीच्या बुडाशी असतं. मग १९९५ ला बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून अख्खी रिंग वेगळी काढली, आणि त्याच सुमारास फळमाशीच्या सेंट्रोसोममध्ये, नळ्या फुटतात तिथेच तशा रिंगा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या.

क्लासवालेसर

सर्व छान आहे परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सांगतो, परीक्षेत 'तंतू तारककेंद्रातून निघतात' एवढेच लिहावे. २२ वर्षे शिकवतोय. गॅमा वगैरे लिहिले की तपासणारा गोंधळतो आणि मार्क जातात.

भिंगवाली

सर, मार्कांबद्दल तुमचं मान्य, पण ते वाक्य चूक आहे हो. तारककेंद्र म्हणजे सेंट्रिओल, ती दोन छोटी नळकांडी, कडेने नऊ तिकड्या असलेली, एकमेकांना काटकोनात. सेंट्रोसोम म्हणजे ती दोन नळकांडी अधिक त्यांच्याभोवतीचा लगदा. विभाजनाचे धागे नळकांड्यांतून निघत नाहीत, लगद्यातून निघतात. हे गूल्ड आणि बोरिसी यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं.

जुन्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत तो लगदा नुसता काळपट धुरासारखा दिसायचा, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या देखण्या नळकांड्यांकडे जायचं. लग्नाच्या फोटोत नवरानवरी दिसतात पण जेवण आचाऱ्याने केलेलं असतं तसं.

क्लासवालेसर

बरं. 'तारककायातून' लिहिले तर दोन्ही बाजूंनी चालेल ना?

भिंगवाली

चालेल सर, पळेल.

बाबूराव_बीटा

इंजिनिअर म्हणून शंका. रिंग म्हणजे साचा, मान्य. मग साच्यात १३ खाचा असतील तर १३ ओळी येणार, विषय संपला. यात एवढं संशोधन कशावर चालतं?

भिंगवाली

बाबूराव, इथेच तर गंमत आहे. सगळ्यांनी हेच गृहीत धरलं होतं. मग २०१९-२० च्या सुमारास क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने रिंगचे खरे बारीक फोटो आले आणि त्यात गॅमा ट्युब्युलिन निघाले १४. शिवाय रिंग पूर्ण गोल नव्हतीच, जिलबीच्या शेवटच्या वळणासारखी, एक टोक दुसऱ्याच्या वर आलेली, एका बाजूने फाकलेली. १३ ओळींच्या नळीशी तिचं माप जुळेना. आतमध्ये अ‍ॅक्टिनचा (पेशीतलं एक वेगळंच प्रोटीन) एक रेणू अडकलेला, तो तिथे काय करतोय म्हणून अजून वेगळी डोकेदुखी. शुद्ध केलेल्या रिंगा ट्युब्युलिनमध्ये सोडल्या तर त्यातल्या मोजक्याच नळी सुरू करतात, बाकीच्या बसून राहतात.

मग २०२४ मध्ये नळी नुकतीच सुरू होत असतानाचे फोटो मिळाले आणि दिसलं की वाढत्या नळीबरोबर रिंग मिटते. फाकलेली बाजू आत येते, एक गॅमा बाजूला पडतो आणि १३ चं माप बसतं. म्हणजे साचा लोखंडी नाही, मालाबरोबर घट्ट होत जाणारा आहे. मला स्वतःला हे खूप आवडलं, कारण मग रिंग चालू-बंद करायची सोय आपोआप मिळते. पेशीतली बाकीची प्रोटीनं तिला मिटायला मदत करतात किंवा करत नाहीत. त्यातल्या एकाचं नाव सीडीके५रॅप२, त्याच्या जनुकात बिघाड झाला तर बाळाचा मेंदू लहान राहतो, मायक्रोसेफली. एका रिंगेला चालना देणाऱ्या प्रोटीनचा संबंध थेट डोक्याच्या घेराशी.

शेवगा

वाचतेय. वाचनखूण साठवली. पोलो कायनेज राहिलं, ते गोळीवालं पोलो का? :)

भिंगवाली

हाहा नाही, पोल म्हणजे ध्रुव. १९८८ साली फळमाशीत (केळ्यांवर घोंघावणारी ती चिलटं) संकेल आणि ग्लोव्हर यांनी एक बिघडलेलं जनुक वर्णन केलं, त्या माश्यांच्या पेशींत विभाजनाचे ध्रुवच गंडलेले, म्हणून पोलो.

त्याचं काम असं. एरवी सेंट्रोसोमभोवतीचा लगदा पातळसा असतो, मोजक्या नळ्या निघतात. विभाजन जवळ आलं की पोलो जाऊन लगद्यातल्या प्रोटीनांवर फॉस्फेटचे शिक्के मारतं, शिक्का बसला की ती प्रोटीनं एकमेकांत गुंतून जाळं करायला लागतात, लगदा फुगतो, जाळ्यात गॅमाच्या रिंगा येऊन अडकतात. थोड्या वेळात रिंगांची संख्या काही पट होते. विभाजन संपलं की शिक्के पुसले जातात आणि लगदा विरतो. दर विभाजनाला मांडव घालायचा आणि काढायचा.

लगदा घट्ट जेलीसारखा की तेलाच्या थेंबासारखा द्रव, यावर या क्षेत्रात इतकी भांडणं आहेत की आपल्याकडची गणपतीच्या मिरवणुकीतली मानाची भांडणं बरी. माझं मत घट्टच्या बाजूला, कारण नळ्या त्याला सतत ओढत असतात, थेंब असता तर फाटला असता. पण कृमींच्या प्रोटीनवर केलेले थेंबांचे प्रयोग पण चांगले आहेत, नाही म्हणत नाही.

कांदाभजीप्रेमी

ताई थांबा थांबा, लेकीला दाखवत दाखवत वाचतोय. ती विचारतेय की हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं का, म्हणजे नळी सुरू होताना? की सगळं अंदाजपंचे?

भिंगवाली

दिसतं! हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग आहे, सांगतेच.

या नळ्यांना थंडी सोसत नाही. पेशी बर्फावर ठेवल्या की नळ्या विरघळतात, ट्युब्युलिनच्या जोड्या सुट्या होऊन पाण्यात जातात. मग पेशींवर ३७ अंशांचं द्रावण टाकलं की पुन्हा सुरू. काचेच्या पातळ तुकड्यावर, म्हणजे कव्हरस्लिपवर पेशी वाढवलेल्या असतात. अर्धापाऊण तास बर्फावर, मग गरम द्रावणात, आणि मग एक कव्हरस्लिप ३० सेकंदांनी उचलून उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये, दुसरी एका मिनिटाने, तिसरी दोन मिनिटांनी. मिथेनॉलमध्ये पेशी जिथल्या तिथे गोठल्यासारखी थांबते. नंतर नळ्यांना हिरवा रंग, सेंट्रोसोमला लाल, गुणसूत्रांना निळा.

बर्फावरच्या पेशीत काळ्या अंधारात फक्त दोन लाल ठिपके, हिरवं नुसतं धुकं. तीस सेकंदांवाल्यात लाल ठिपक्यांभोवती हिरवे काटे, कदंबाच्या फुलासारखे. दोन मिनिटांवाल्यात काटे पेशीभर पसरलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खोलीत एकटीच होते आणि मोठ्याने 'अगं बाई' म्हणाले होते.

पण त्याआधी तीन आठवडे सगळे प्रयोग वाया गेले. प्रत्येक वेळी पेशी गायब. काय काय बदलून पाहिलं, मिथेनॉल, रंग, द्रावण. शेवटी कळलं की ओल्या कव्हरस्लिपला चिमट्याने उचलताना ती बोटात फिरायची आणि मी उलटी ठेवत होते, पेशींची बाजू खाली. बशीच्या तळाला घासून सगळ्या पेशी जायच्या. तीन आठवडे मी काचेची कोरी बाजू रंगवत होते. त्यानंतर कव्हरस्लिपच्या एका कडेला हिऱ्याच्या लेखणीने 'फ' कोरायला लागले, फ सरळ दिसला तर बाजू बरोबर. प किंवा म कोरला असता तरी चाललं असतं, पण त्या दिवशी मनात जो शब्द होता त्याचं पहिलं अक्षर तेच होतं.

बाबूराव_बीटा

हिशोब केला. एक जोडी ८ नॅनोमीटर म्हणजे एका मायक्रॉनला १२५, गुणिले १३ ओळी म्हणजे १६२५ जोड्या. नळी मिनिटाला किती वाढते?

भिंगवाली

साधारण १० मायक्रॉन धरा.

बाबूराव_बीटा

मग मिनिटाला १६,२५०, सेकंदाला जवळपास २७० जोड्या एका नळीच्या टोकावर बसतात. आणि अशा शेकडो नळ्या एकाच वेळी. आमच्या लाईनवर मिनिटाला चार गिअरबॉक्स निघाले तर पेढे वाटतात.

भिंगवाली

आणि तेवढ्याच घाईने मोडतात पण. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच नळीचं टोक वाढत वाढत जातं आणि अचानक कोसळायला लागतं, ओळी केळ्याच्या सालीसारख्या बाहेर वळून सुटतात. टोकावर ताज्या, जीटीपीवाल्या (जीटीपी म्हणजे पेशीतला एक ऊर्जेचा रेणू) जोड्यांचं टोपण असेपर्यंत नळी टिकते, टोपण गेलं की संपलं. विभाजन सुरू झालं की हे अजून वाढतं, नळीचं आयुष्य मिनिटांवरून सेकंदांवर येतं.

वाया गेलं असं वाटेल, पण अंधाऱ्या खोलीत चावी शोधताना आपण हात फिरवतो ना, लागली नाही की हात मागे, पुन्हा दुसऱ्या दिशेला, तसं. गुणसूत्र लागलं की नळी तिथे टिकते, नाही लागलं की मोडते आणि बुडाशी दुसरी सुरू होते. म्हणून सुरुवात करून देणाऱ्या रिंगा भरपूर लागतात, म्हणून तो लगदा फुगवायचा.

रानवाटा

अवांतर होईल पण राहवत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावी फुलते, लाल पिवळ्या ज्वाळेसारखी. तिच्यात कोल्चिसिन असतं आणि ते याच ट्युब्युलिनला धरतं ना? (खाऊ नका कुणी, जहाल विषारी आहे, कंद तर फारच.)

भिंगवाली

अवांतर अजिबात नाही, ट्युब्युलिन सापडलंच मुळी कोल्चिसिनमुळे. साठच्या दशकात कोल्चिसिनला किरणोत्सारी खूण लावून ते पेशीत कुणाला चिकटतं ते बघितलं, आणि जे सापडलं त्याला पुढे ट्युब्युलिन नाव मिळालं. कोल्चिसिन सुट्या जोडीला धरतं, मग ती जोडी नळीत नीट बसत नाही. धागेच नाहीत म्हटल्यावर गुणसूत्रं मधेच अडकून पडतात, मोजायला सोपी. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ मध्ये त्जिओ आणि लेव्हान यांनी छापलं ते याच युक्तीने, तोवर सगळे ४८ म्हणायचे.

दारातली सदाफुली पण याच गावची. तिच्यातली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन नळ्या जुळू देत नाहीत, म्हणून कॅन्सरवर वापरतात.

रानवाटा

आणि टॅक्सॉल उलटं करतं ना? नळ्या मोडूच देत नाही. ते शोधणाऱ्यांतला एक माणूस तर नंदुरबारचा. मनसुख वाणी, जन्म १९२५, मुंबईत शिकले, तिथे कॉलेजात शिकवलंही, मग अमेरिकेत जाऊन मन्रो वॉल यांच्याबरोबर पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं, १९७१ मध्ये त्याची रचना छापली. २०२० मध्ये गेले. आमच्याकडे खानदेशात सुद्धा किती जणांना माहितीये शंका आहे.

भिंगवाली

हो, आणि ते नळ्यांवर काम करतं हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. टॅक्सॉल टाकलं की ट्युब्युलिनला सुरुवातीला मदतनीस लागतच नाही, सेंट्रोसोम सोडून पेशीभर कुठेही नळ्यांच्या जुड्या उगवतात. खडीसाखरेच्या भाषेत दोरा नसताना पातेल्याच्या कडेला, चमच्याला, सगळीकडे साखर धरली.

अबोली_नाशिक

मी फक्त वाचत होते पण हे वाचून लिहावंसं वाटलं. आईला मागच्या वर्षी पॅक्लिटॅक्सेल चालू होतं. तिच्या पायांना सतत मुंग्या यायच्या, बोटांनी साडीची निरी धरता यायची नाही. मज्जातंतूंवर परिणाम म्हणाले डॉक्टर. पण मज्जापेशी तर विभागत नाहीत ना? मग त्यांना का?

भिंगवाली

अबोली, आई आता बऱ्या आहेत अशी आशा करते.

पॅक्लिटॅक्सेल म्हणजे टॅक्सॉलच. या नळ्या फक्त विभाजनासाठी नसतात. मज्जापेशीचा तंतू कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जातो, आणि त्याच्या आतून नळ्यांचे रूळ टाकलेले असतात, त्यावरून माल जातो येतो. औषध त्या रुळांशी पण खेळतं, आणि सगळ्यात लांबचे तंतू पायांचे आणि हातांचे म्हणून त्रास तिथे आधी. औषध संपल्यावर बऱ्याच जणांचा हळूहळू कमी होतो, काहींचा रेंगाळतो. अजून असेल तर तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, 'चालायचंच' म्हणून सोडू नका.

अबोली_नाशिक

बरी आहे. निऱ्या आता स्वतः घालते. थँक्यू.

शेवगा

मग मूळ प्रश्न राहिला की. कांद्याचं काय? तारककाय नाही तरी त्याचं छान चाललंय म्हणजे हा तारककाय हवाय कशाला?

भिंगवाली

हो तो राहिलाच.

कांद्यात गॅमा ट्युब्युलिन आहे, रिंगा आहेत, फक्त त्या दोन ठिपक्यांत गोळा केलेल्या नाहीत. केंद्रकाच्या पृष्ठभागावर आणि आधीच्या नळ्यांच्या अंगावर त्या बसतात. नळीच्या अंगावर रिंग बसवून देणारं ऑग्मिन नावाचं एक प्रोटीनमंडळ आहे, जुन्या नळीवर नवी नळी फांदीसारखी फुटते. शिवाय प्राण्यांत गुणसूत्रंही स्वतःभोवती नळ्या सुरू करायला लावतात. मग मोटर प्रोटीनं त्या सगळ्या गोंधळाला कंगवा फिरवल्यासारखं विंचरून दोन टोकं करतात. टोकं बोथट असतात, म्हणूनच चांदणी नाही.

प्राण्यांतही ही दुसरी वाट आहे. २००६ मध्ये सेंट्रिओल होऊच न शकणाऱ्या फळमाश्या केल्या, सगळ्यांना वाटलं अंड्यातच मरतील. त्या चक्क मोठ्या झाल्या, पंख फुटले. विभाजन जरा सावकाश, पण होत होतं. आणि बायकांच्या अंडपेशीत सेंट्रोसोम नसतोच, तिथे २०१५ च्या एका अभ्यासात तर्कु तयार व्हायला सुमारे १६ तास लागताना दिसले, आणि तो बराच वेळ डळमळीत राहतो. वयाबरोबर गुणसूत्रांच्या चुका वाढण्याशी याचा संबंध जोडतात. बाळाला सेंट्रिओल मिळतात ते वडिलांच्या शुक्रपेशीकडून.

त्यामुळे माझं म्हणणं, सेंट्रोसोम म्हणजे नळ्या बनवणारा कारखाना वगैरे नाही. काम घाईत आणि नेमक्या जागी व्हावं म्हणून सगळ्या रिंगा एका जागी बांधून ठेवलेली सोय आहे. आणि सोय जास्त झाली की घोळ, दोनाऐवजी तीनचार सेंट्रोसोम झाले तर गुणसूत्रं तीनचार दिशांना ओढली जातात. बोव्हेरीने १९१४ मध्येच लिहून ठेवलं होतं की कॅन्सरचं मूळ यात असू शकतं, तेही सी अर्चिनची (समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा प्राणी) अंडी बघून.

कांदाभजीप्रेमी

लेकीने स्वतः टाईप केलंय खालचं, मी हात लावला नाही:

'मावशी मी आज घरी परत केलं. कांदा ग्लासवर ठेवून चार दिवसांनी मुळं आली होती, कॉलेजमधून स्टेन मागून आणला, ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने दाबलं, पहिल्या दोन स्लाईड जाड झाल्या. तिसरीत एक पेशी मस्त मिळाली, टोकांना खरंच काही नाही. पण मग माश्यांना सेंट्रिओल नसले तरी चालतं, कांद्याला नसले तरी चालतं, तर ते आलेच कशाला? कांद्याच्या आजोबांकडे होते का?'

भिंगवाली

काय प्रश्न आहे. हो, होते!

त्या माश्यांची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. त्या मोठ्या झाल्या पण कोषातून बाहेर आल्यावर धडपडून थोड्याच वेळात मेल्या. विभाजन गंडलं म्हणून नाही, त्यांच्या संवेदनपेशींना सिलिया (पेशीवरचे केसासारखे बारीक तंतू) नव्हते म्हणून, आपले हातपाय कुठे आहेत तेच त्यांना कळत नव्हतं. सिलिया किंवा शुक्रपेशीची शेपटी उगवते ती सेंट्रिओलवरच. म्हणजे त्या नळकांड्याचं मूळ काम शेपटीचा पाया होणं, विभाजनात ते दोन टोकांना जातं याचा एक फायदा असा की दोन्ही लेकरांना एकेक वाटा मिळतो.

कांद्याचे आजोबा म्हणजे शेवाळं, नेचे वगैरे. नेच्याच्या साध्या पेशीत सेंट्रिओल नसतात, पण पोहणारी शुक्रपेशी करायची वेळ आली की तो ते अगदी नव्याने, शून्यातून बनवतो. फुलझाडांत परागनलिका शुक्रपेशीला दारापर्यंत पोचवते, पोहायचं नाही, शेपटी नको, म्हणून सेंट्रिओल गेले ते गेलेच. मधल्या पायरीवर सायकस आणि गिंको आहेत. त्यांना परागनलिका आहे आणि तरी शुक्रपेशी पोहते, एकेकीला हजाराने शेपट्या. जपानमध्ये हिरासे आणि इकेनो यांनी १८९६ मध्ये हे पाहिलं.

कांदाभजीप्रेमी

आमच्या सोसायटीच्या गेटला दोन सायकस आहेत!! कुंडीत, पामसारखे दिसणारे, तेच ना? लेक आत्ताच टॉर्च घेऊन निघालीये खाली.

भिंगवाली

तेच. मधोमध उंच कणसासारखा शंकू असेल तर नर, पानांच्या लोकरी गड्ड्यासारखं असेल तर मादी. शंकू रोज येत नाही, वर्षं जातात कधीकधी, तेव्हा काहीच नसेल तर खट्टू होऊ नकोस म्हणावं. आणि पानं टोचतात, हात सांभाळ.

कांदाभजीप्रेमी

एकाला काहीच नाही. दुसऱ्याच्या मधला भाग माळीकाकांनी दिवाळीच्या आधी 'खराब दिसतंय' म्हणून कापून टाकला म्हणे. वॉचमनला विचारलं कणसासारखं होतं का, तो म्हणतो हो, आणि वास पण येत होता.

सोलापुरीचादर

नर होता मग. वाईट वाटलं राव.